केवणीचं दावं

१२ ऑगस्ट १९९७

सापडली! आणि कुठं, तर आमच्याच रानात! दोन महिने मी बारामतीपासून मोरगावपर्यंतचे माळ तुडवतेय, चपलेचे अंगठे तुटले, उन्हानं नाक सोललं, आणि ही बया बसली होती कऱ्हाटीत, आमच्या ओघळीच्या काठाला, फॉरेस्टच्या तारेला खेटून. श्रेय शेळीचं. तांबडी सुटून पळाली, मी शिव्या देत मागे, आणि ती थांबली ती थेट केवणीच्या पानात तोंड घालून.

चार-पाच झुडपं आहेत. माझ्या डोक्यावर हातभर गेलेली. साल करडी, नखानं खरवडली की धागे धागे निघतात. पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत, कडेला करवत, आणि बूड एका बाजूला घसरलेलं — कुणीतरी घाईत कातरल्यासारखं. फांदीवर पानं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, सगळी एकाच पातळीत. फुलं तर अशी की मला आधी वाटलं, दोन वेगळी झाडं गुंतलीत. आज उमललेलं विटकरी लाल, काल-परवाचं राखी-निळं, आणि दोन्ही शेजारी शेजारी.

शेळीला मारलं नाही. घरी आणून अर्धी भाकरी दिली. आई बघत राहिली.

१४ ऑगस्ट

सरांना कॉलेजात फांदी दाखवली. भिंग लावून बघितली, मग माझ्याकडं बघितलं. "तुमच्या कोरड्या भागात ही मिळाली? मग हिच्यावरच करा." एम. एस्सी.चा प्रबंध केवणीवर! दोन महिने "दुसरं झाड घ्या" म्हणून मागं लागलेला हाच माणूस.

पण अट घातलीच. "कळीपासून पिकलेल्या शेंगेपर्यंत सगळं स्वतः बघायचं. शेंग नाही तर सही नाही." शेंग म्हणजे मुरुडशेंग, जी बाळघुटीत उगाळतात ती. ती पिकणार डिसेंबरात. म्हणजे डिसेंबरपर्यंत ही झुडपं उभी राहिली पाहिजेत. शेळ्या आहेत, सरपणवाल्या बाया आहेत, तार ओढायला येणारे फॉरेस्टचे लोक आहेत. आणि हे वर्ष हुकलं तर दुसरं मिळायचं नाही. आई आत्ताच म्हणते, "लई झालं शिकणं."

एसटीत जागा होती तरी उभी राहिले. बसवेना.

१७ ऑगस्ट

आबांना झुडपं दाखवायला नेलं. नेलं नसतं तर बरं झालं असतं.

आबांनी मेंढरं विकली त्याला सहा-सात वर्षं झाली असतील. आता एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर असतात, खाकी टोपी घालून. पण केवण दिसल्यावर चाल बदलली त्यांची. एक सरळ फोक वाकवला, शेंड्याला नख लावलं आणि खाली ओढलं — बुडापर्यंत अखंड पट्टी निघाली. "बघ कशी सुटली," म्हणाले. मग म्हणाले, "सुकन्येच्या पोराला दोरी करतो."

सुकन्या म्हणजे माझी थोरली बहीण. कळंबला दिलीय. तिचं दोनदा पोटातच गेलं. आता तिसऱ्यांदा दिवस राहिलेत, डिसेंबरअखेर भरतील. आमच्यात लेकीच्या पहिल्या बाळाचा पाळणा केवणीच्या दोरावर टांगतात, आणि तो दोर लेकीच्या बापानंच वळायचा असतो. विकतचा चालत नाही, दुसऱ्याच्या हातचा चालत नाही. ताईसाठी आईच्या वडिलांनी वळला होता म्हणे, त्याच दोरावर मग मीही.

हे सगळं ठीक. पण आबांचा उजवा हात! उन्हाळ्यापासून कप सुटतोय हातातून. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेत नस दबलीय, बोटांतली ताकद हळूहळू जाईल. आबांनी तो हात माझ्यापुढं धरला. "फुडच्या साली ह्यो माझा ऱ्हात न्हाय. आवंदाच करतो. साल आत्ता सुटती, पाऊस सरला की लाकडाला धरती."

मी काय म्हणावं? म्हटलं, "आबा, डिसेंबरपर्यंत ह्या झाडांना हात लावायचा नाही. माझं वर्ष आहे त्यात." अगदी बाईच्या आवाजात म्हटलं, वर्गातल्या पोरांना दरडावतात तसं.

"बरं," म्हणाले आबा. सालीची पट्टी बोटाला गुंडाळत घरी आले.

१८ ऑगस्ट

आईच्या कानावर दोरीचं गेलं. भाकरी थापता थापता थांबली. "पोर हातात आल्याबिगार घरात कायबी करायचं न्हाय. झबलं न्हाय, टोपडं न्हाय, दोरी न्हाय. दोनदा हौस केली, काय झालं ते ठावं हाय ना?"

आईच नको म्हणाली, म्हणजे माझ्यावरचं आलेलं गेलं! मला सुटल्यासारखं वाटलं. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचीच लाज वाटली. पुस्तक उघडलं, मिटलं. अंगण झाडलेलं होतं ते पुन्हा झाडलं.

२७ ऑगस्ट

केवणीभोवती बाभळीच्या काटेरी फेसाट्यांचं कुंपण झालंय. आबांनी केलं, मला न सांगता. काटे मोडून डाव्या हाताच्या बोटांत गेलेत, कारण सगळं डाव्या हातानं केलं. मी सुईनं काढून दिले.

५ सप्टेंबर

फूल उभं कापून भिंगाखाली धरलं. काय चमत्कारिक रचना आहे! पाकळ्या पाच, पण सारख्या नाहीत. दोन रुंद, तीन अरुंद, सगळ्या मागं वळलेल्या. त्यातून एक लांब वाकडा दांडा बाहेर येतो आणि पुंकेसर आणि बीजकोश दोन्ही त्या दांड्याच्या टोकाला. फुलापासून इतक्या लांब, रागावून माहेरी गेल्यासारखे. आणि बीजकोश एवढासा, जोंधळ्याच्या दाण्याहून लहान, पण त्याला आत्ताच पीळ पडलेला! मला वाटायचं शेंग वाळताना पिळते. नाही. फुलात असतानाच पिळलेली असते.

शिंजीर पक्षी येतो मधाला. चोच आत घालतो तेव्हा त्या दांड्याचं टोक बरोबर त्याच्या डोक्याला घासतं. लाल फुलाकडंच जातो, निळं पडलं की बघतही नाही. फुलानं रंग बदलून पाटी लावलेली — दुकान बंद.

हे सगळं मोठ्या आनंदानं आईला सांगत होते. आई म्हणाली, "बापाच्या हातातनं आज डबा पडला गेटवर. आमटी सांडली. साहेबासमोर."

१६ सप्टेंबर

कळंबला ताईकडं जाऊन आले. पाचटाचा वास, पाटाला पाणी, विहिरीला पाणी, जिकडं तिकडं पाणी. आमच्याकडं कऱ्हा नदी कोरडी आणि इथं उसात गुडघाभर चिखल! एकाच जिल्ह्यात कसं काय हे?

ताईला पलंगावरून उठू देत नाहीत. तिच्या सासूबाई, म्हणजे ठमाबाई, पहारा ठेवून असतात. "सुनबाई, पाय वर घ्या. सुनबाई, वाकू नका." ताई हसते पण हात सतत पोटावर. मला हळूच म्हणाली, "आबा दोरी करणार म्हणत होते?" तिला कुणी सांगितलं कोण जाणे. मी म्हटलं, "आई नको म्हणते." माझं नाव घेतलं नाही मी. सोयीस्कर!

२९ सप्टेंबर

पाऊस आहे. सालीला आत्ता पाणी आहे. रोज जाऊन एका फोकाला नख लावते — सुटते. म्हणजे अजून वेळ आहे. म्हणजे मी अजून नालायक आहे.

कुणी मला हे करायला सांगितलेलं नाही. तरी रोज जाते.

१३ ऑक्टोबर

विळा घेऊन गेले आणि विळा घेऊन आले.

ठरवून गेले होते. गेलं वर्ष तर गेलं. तोडायची, भारा बांधायचा, आबांपुढं टाकायचा. पहिल्याच झुडपापाशी हिरव्या कोवळ्या शेंगा दिसल्या, बोटाच्या पेराएवढ्या, पिळलेल्या, लव असलेल्या. ह्याच शेंगांसाठी इतकी पायपीट. विळा फिरवेना. तिथंच बसून रडले. शेंगांसाठी रडले की आबांसाठी, मला सांगता येणार नाही.

येताना रस्त्यात आबा भेटले, ड्यूटीला निघालेले. विळ्याकडं बघितलं. "गवताला गेलतीस व्हय?" "हो." गवत कुठं होतं माझ्याकडं?

२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. केवणीची बरीच पानं पिवळी. आबा आता जेवताना घास डाव्या हातानं घेतात आणि कुणी बघत असलं की पाठ करून बसतात. मी कुणावर तरी ओरडायचं म्हणून शेळीवर ओरडते.

५ नोव्हेंबर

आजचा दिवस रागातच लिहितेय.

सरांनी माझं लिखाण वाचून शेरा मारला — "फुलं कुठल्या फांदीवर येतात? जुन्या की नव्या? हे का लिहिलं नाही?" मनात म्हटलं, काय फरक पडतो. तरी गेले बघायला. एकेक फांदी चाचपली. फुलं, शेंगा, सगळं जुन्या, वाकड्या, फाटे फुटलेल्या फांद्यांवर. गेल्या उन्हाळ्यात सरपणवाल्यांनी काही फांद्या बुडातून छाटल्या होत्या, तिथून जे सरळ फोक वर आलेत, त्यांच्यावर कळी म्हणून नाही. एका फोकावर नाही. झुडपाभोवती दोनदा फिरून बघितलं.

घरी आले. आबा नुकते झोपून उठले होते. विचारलं, "आबा, दोरीला कुठली फांदी लागते?"

"फोक. सरळ. मधी फाटा नको, गाठ नको. फाटा आला की तितं सालीचा वाख तुटतो."

"आणि फुलावर आलेली फांदी?"

"ती काय कामाची? ती जून झालेली. तिची साल मोडती."

म्हणजे त्यांना हवे होते ते फोक मला नको होते! आणि मला हव्या त्या फांद्या त्यांना नको होत्या! तीन महिने! मी ओरडलेच, "मग सांगितलं का नाही तुम्ही?"

"तू हात लावू नका म्हनलीस," म्हणाले. "शिक्षणाचं काम. मला वाटलं समदंच लागत आसंल. शिकल्याल्या मानसाला काय काय लागतं, आमाला काय ठावं."

मला वाटलं दोरी म्हणजे अख्खं झुडूप. त्यांना वाटलं प्रबंध म्हणजे अख्खं झुडूप. आणि आमच्या घरात बाप लेकीला विचारत नाही, लेक बापाला विचारत नाही. त्यांना विचारण्याआधी मी सरांना दहा प्रश्न विचारले असतील!

आबा चहा प्यायचं सोडून माझी समजूत काढत बसले. मला अजूनच राग आला.

६ नोव्हेंबर

सकाळीच दोघं गेलो. आबांनी फोकाला नख लावलं. साल निघाली नाही. चिमटीत तुकडा आला. दुसरा फोक. तुकडा. दाताला धरून ओढून बघितली. ओठाला रक्त.

"धरली लाकडाला," म्हणाले. मग खाली बसले. मीही बसले.

बसल्या बसल्या म्हणाले, पूर्वी अशी धरलेली साल पाण्यात कुजवून सोडवायचे. फोकांच्या पेंढ्या कऱ्हेच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायच्या, पंधरवड्यानं वाख आपोआप सुटायचा. "पर डोह कुठं ऱ्हायला आता? नदीत शेरडाला प्यायला पानी न्हाय."

पाणी! मी उठलेच. "आबा, कळंब."

९ नोव्हेंबर

नागेशदाजी, म्हणजे ताईचे यजमान, मोटारसायकलवर आले. एमआयडीसीतच कामाला असतात, सुट्टी होती. आबांनी फोक डाव्या हातानं छाटले, मी पेंढ्या बांधल्या. जुन्या फांद्यांना धक्का नाही. छाटता छाटता आबा मला विचारायचे, "ही चालंल का?" प्रत्येक फोकाला विचारत होते! मी म्हटलं, "चालंल, आबा, चालंल सगळं."

पेंढ्या गाडीला बांधताना आई दारात आली. "हे काय निघालंय?"

दाजी गाडीचा आरसा पुसायला लागले. आबा म्हणाले, "शेळीला दावं करायचंय."

आईनं पेंढ्यांकडं बघितलं, आबांकडं बघितलं, शेळीकडं बघितलं. शेळीच्या गळ्यात चांगलं नायलॉनचं दावं. "शेळीला," म्हणाली, आणि आत गेली.

१७ नोव्हेंबर

दाजींचा निरोप — पेंढ्या बुडवल्यात तो हौद वास मारायला लागलाय. ठमाबाई पदर नाकाला लावून विचारत होत्या, हौदात काय मेलंय का म्हणून. दाजींनी सांगितलं, सासऱ्यांच्या शेळीचं दावं कुजतंय. मग म्हणाल्या, "कऱ्हाटीत शेळ्या पाळण्याची रीत लई मोठी हाय बया."

ताईला माहीत आहे. तिनं खिडकी उघडी ठेवायला लावलीय. तो वास यावा म्हणून!

२० नोव्हेंबर

बारामतीच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं होतं, तिथं दाखवून आलो. मानेचं ऑपरेशन करायचं. उशीर केला तर डावा हातही जाईल, मग पाय. आबा म्हणाले, लेकीचं बाळंतपण होऊ द्या. डॉक्टर म्हणाले, तेवढा वेळ नाही. सहा डिसेंबरला सकाळी ऑपरेशन, आदल्या दिवशी भरती व्हायचं. "बरं होईल ना?" मी विचारलं. "मानेचं काम आहे. आम्ही प्रयत्न करू," म्हणाले.

आई एसटीत खिडकीतून बाहेर बघत बसली. दौंडच्या फाट्याला मी शेंगदाणे घेतले, ते तसेच पिशवीत घरी आले.

२४ नोव्हेंबर

वाख आला! दाजींनी धुऊन, वाळवून आणला. पिवळसर पांढरा, लांबच लांब. वास अजून आहे. गोठ्यात दडवून ठेवलाय, म्हणजे गोठ्यात ठेवलाय. दडवलेलं काही नाही, आई तिथंच धार काढते.

आबांनी एक बट हातात घेतली आणि दोन्ही बाजूंनी ओढली. उजव्या हातातून सुटली. पुन्हा धरली. पुन्हा सुटली. मी बघत नाही असं दाखवलं.

२६ नोव्हेंबर

दोर वळायचा म्हणजे वाख मांडीवर तळहातानं रगडायचा, पुढं ढकलत न्यायचा, पीळ पडत जातो. आबांचा उजवा तळहात मांडीवर नुसता पडून राहतो. रगडत नाही. आज सकाळभर प्रयत्न केला. कपाळावर घाम. वीतभर झालं, ते उलगडलं.

मी म्हटलं, "मी वळते. तुम्ही सांगा." रागावले. कधी नव्हे ते माझ्यावर रागावले. "बापाच्या हातचा लागतो. तू बाप हायेस का तिचा?"

मी उठून केवणीकडं गेले. शेंगा तपकिरी होत आल्यात. छान पिकतायत. बघावंसंही वाटेना.

२७ नोव्हेंबर

आज आबांनी डाव्या मांडीवर डाव्या हातानं सुरू केलं. सगळं उलटं. पीळसुद्धा उलटा पडतोय. आयुष्यभर जो पीळ दिला त्याच्या बरोबर विरुद्ध. सारखं स्वतःवर चिडतात, उलगडतात, पुन्हा देतात. मला फक्त दुसरं टोक धरून बसायची परवानगी आहे. "ताणून धर. झोपलीस व्हय?"

दुपारपर्यंत हातभर झालं. घट्ट. उलगडलं नाही. आबा म्हणाले, "उलटा तर उलटा. पाळण्यात झोपनाऱ्याला काय कळतंय." मी इतकी हसले की टोक सुटलं. मग खाल्ली बोलणी.

३० नोव्हेंबर

दोन पेड झाले. तिसरा चालू. आबांनी रजा टाकलीय. उठतात ते थेट गोठ्यात. मीही कॉलेज बुडवतेय. टोक धरून बसायचं एवढंच काम, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एका जागी बसलेय. आबा मेंढरांच्या गोष्टी सांगतात, कुठल्या साली कुठवर चरायला गेलो, कुठल्या गावची पाटलीण कशी ताक द्यायची. माझ्याशी इतकं कधी बोललेच नव्हते. मी तरी कधी बसले होते?

आई धार काढायला आली. दोराकडं न बघता म्हणाली, "लांबच हाय दावं. शेळी कुठवर चरायला जानार हाय?"

आबा म्हणाले, "लांब जायाचीय."

चरवीतली धार थांबली. मग पुन्हा धारेचा आवाज आला.

२ डिसेंबर

दोर झाला. तिपेडी, बोटाएवढा जाड, खालच्या टोकाला ओढायची बारीक दोरी जोडलेली. आबांनी तो गोठ्याच्या आढ्यावरून टाकला आणि आपला सगळा भार देऊन लोंबकळले. तुटला नाही. खाली उतरले, तिथंच खुंट्याला अडकवला आणि अंघोळीला गेले. कुणाला दाखवला नाही, कुणाकडं बघितलं नाही.

आज शेंगाही काढल्या. पिकलेल्या, कडक, मळसूत्रासारख्या. प्रत्येक शेंग म्हणजे पाच बारीक शेंगा एकमेकींत पिळलेल्या. उद्या सरांना देणार. सही होईल. मला वाटलं होतं मी नाचेन. दोन ओळी लिहिल्या आणि वही मिटली.

३ डिसेंबर

सरांनी सही केली. "उत्तम काम," म्हणाले.

दाजींनी ताईला बाळंतपणाला आणून सोडलं. जीपमध्ये उशा लावून, हळूहळू, प्रत्येक खड्ड्याला थांबत. ठमाबाई स्वतः सोबत आल्या. ताई ओसरीवर बसली आणि पहिलं विचारलं, "शेळी कशी हाय?" आबा हसले. ठमाबाईंनी पदराआड तोंड लपवलं. आई चूल फुंकत होती, तिनं मान वर केली नाही.

रात्रीच्या जेवणाला आबांनी आज पाठ केली नाही. सगळ्यांसमोर डाव्या हातानं जेवले.

४ डिसेंबर

उद्या जायचं. आई सकाळपासून पिशव्या भरते आणि रिकाम्या करते. धोतर, सदरा, पंचा, अंगारा. मी म्हटलं, "आई, दोर गोठ्यात आहे. बाळ आलं की आपण टांगू. आबा पुण्याहून येतील तेव्हा बघतील." माझा आवाज चांगला निघाला, मला वाटतं.

आई म्हणाली, "व्हय." आणि पिशवीतला पंचा पुन्हा बाहेर काढून घडी घालायला लागली.

५ डिसेंबर

दुपारच्या एसटीनं निघायचं होतं. पिशव्या दारात. आई गोठ्यातून दोर घेऊन आली. माळ्यावरचा पाळणा खाली काढला, ओल्या फडक्यानं पुसला, स्वतः स्टुलावर चढून आढ्याला दोर बांधला. ताई अजून भरल्या पोटी भिंतीला टेकून उभी. रिकामा पाळणा हलवत नाहीत म्हणून आईनं वरवंटा धुतला, हळद-कुंकू लावलं, आबांच्या जुन्या पटक्यात गुंडाळला आणि पाळण्यात निजवला. मग ओढायची दोरी आबांच्या डाव्या हातात दिली. म्हणाली, "पोर यायचं तवा येईल. तुमी आज हालवून जावा."

आबा एसटीची वेळ होईपर्यंत हलवत बसले.